सेंट लुबिन : भामटा म्हणून सोडून देण्याआधी

शेवालिए द सेंट लुबिन 1777 मध्ये चौलला उतरला आणि सोळाव्या लुईचा वकील म्हणून पुण्यात आला. ग्रँट डफच्या ग्रंथापासून त्याच्यावर भामट्याचा शिक्का आहे. आपले अभ्यासकही तोच पुढे उमटवतात, नि नाना फडणीस फसले म्हणतात. अहो, आदल्याच वर्षी पुण्याने भाऊसाहेबांच्या तोतयाला मारलं होतं. तोतया कसा असतो, हे नानांना आपण शिकवायचं?

माणूस थापाड्या होताच. पण मी पडलो इंजिनिअर. यंत्रावरची पाटी खोटी असली तरी चाक फिरलं का, ते आधी बघतो. इथे फिरलं, आणि उलटं फिरलं. इंग्रज वकील मॉस्टिन धास्तावला. फ्रेंचांच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हालचालींचं निमित्त हेस्टिंग्जला मिळालं. 1778 मध्ये लेस्लीची फौज यमुना ओलांडून निघाली. इंग्रजांना धाक म्हणून ठेवलेला पाहुणा त्यांच्याच कामी आला. फ्रेंच मदत आली नाहीच.

ही लढाई चालू असतानाच, 1781 मध्ये, पोर्तुगिजांनी सावंतवाडीकरांची आमची डिचोली घेतली. पेडणे गेलं 1788 मध्ये. पुण्याची ही गुंतवणूक आणि आमचा हा मुलूख यांचा हिशोब एकत्र मांडणारा लेख मला अजून वाचायचा आहे.