पोचल्याचे पत्र

'पोचल्याबरोबर पत्र टाक' हे वाक्य आमच्या किनाऱ्यावरील कोणत्याही घराला नवे नाही. मुलगा बोटीवर चालला, मुलगी परिचारिका म्हणून आखातात निघाली, पुतण्या सेमिनरीत दाखल व्हावयास गेला; उंबरठ्यावर आईने हेच सांगितले. पूर्वी ते आंतरदेशीय पत्र असे, आता फोनवरचा चार ओळींचा निरोप असतो. त्याच्याकडून कोणी वाङ्मयाची अपेक्षा करीत नाही. माणूस सुखरूप आहे, एवढेच त्याने सांगावयाचे. परंतु तेच पत्र त्रैमासिकात छापण्यासाठी येते तेव्हा त्याच्याकडे वाङ्मय म्हणून पाहणे भाग पडते. आणि तसे पाहिल्याबद्दल सध्या एका कुटुंबाचा आमच्यावर रोष आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी पूर्व आफ्रिकेतील एका मिशन केंद्रावर दोन वर्षांच्या सेवेसाठी गेली. तिचे पहिले पत्र वडिलांनी आमच्याकडे आणून दिले आणि ते छापले जावे म्हणून शब्द टाकण्याची विनंती केली. आम्ही ते दोनदा वाचले व शब्द टाकला नाही. पत्रात विमानतळ आहे, तांबडी माती आहे, मच्छरदाणी आहे, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आहे, पहिल्या रात्रीची प्रार्थना आहे. 'येथील लोक फार साधे व प्रेमळ आहेत' हे वाक्यही आहे. हे वाक्य आम्ही अशा पत्रांतून इतक्यांदा वाचले आहे की ते कोणत्या खंडातून आले हे पाकिटावरून पाहावे लागते. मुलगी खोटे लिहीत नाही. पण पाच पानांच्या त्या पत्रात नाव असलेले माणूस एकच आहे, ती स्वतः.

हा दोष तिचा एकटीचा नव्हे. तीस वर्षांपूर्वी अभ्यासासाठी आम्ही परदेशी गेलो तेव्हा आम्हीही असेच पत्र धाडले होते. घरी त्याचे जाहीर वाचन झाले, कौतुकही झाले. परवा ते सापडले. त्यात थंडीचे वर्णन दीड पान आहे; ज्या वृद्ध फादरांनी आम्हांला स्वतःचा कोट काढून दिला, त्यांच्या वाट्याला अर्धी ओळ आली आहे.

मग या प्रकारच्या लेखनाकडून मागावे तरी काय? आमच्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या उगमाशीच एक पोचल्याचे पत्र आहे. येशूसंघीय थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना इंग्रजीत पत्र लिहिले. पुढे हॅक्लुइट या संग्राहकाने आपल्या प्रवासग्रंथात ते छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्यांचे हे पत्र वाचताना प्रथम निराशाच होते. जवळजवळ सारे पत्र समुद्राचे आहे. विषुववृत्ताजवळ पडलेला वारा, होकायंत्राच्या सुईचे ढळणे, केप ऑफ गुड होपच्या प्रचंड लाटा, शार्क मासे, दिशा सांगणारे पक्षी. हिरड्या सुजून माणसे आजारी पडली. दीडशेहून अधिक आजाऱ्यांपैकी सत्तावीस दगावले, आणि हा आकडा इतर खेपांच्या मानाने थोडाच समजला गेला, हेही ते शांतपणे नोंदवितात. वर्णन अचूक आहे, बाजारभाव कळविणाऱ्या माणसाइतके अचूक. व्यापाऱ्याचा मुलगा व्यापाऱ्याला लिहीत होता. गोवा मात्र शेवटच्या काही ओळींत उरकला आहे. मोठ्या प्रेमाने आमचे स्वागत झाले. लोक सावळे आहेत. सामान्य माणसे कमरेला वीतभर वस्त्र लावून हिंडतात. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही. पेय म्हणजे चांगले पाणी, नाही तर माडी. (माडीची ओळख आमच्या वाचकांना करून देण्याचे कारण नाही.) परमेश्वराने प्रकृती ठीक ठेवली तर पुन्हा लिहीन, असे सांगून ते रजा घेतात.

उघडी अंगे आणि अनोळखी झाडे, एवढेच पहिल्या नजरेला दिसते. आमच्या चौललाच याचा आणखी एक दाखला आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी सन १४६९च्या सुमारास येथे उतरला. रेवदंड्यास आता त्याचे स्मारक आहे. त्यानेही आधी पाहिले ते हेच: लोक उघडे, डोकी उघडी, केसांची वेणी. त्याने मात्र एक गोष्ट अधिक टिपली. गोऱ्या माणसाचे नवल करीत लोक आपल्यामागून चालतात, हे त्याने लिहून ठेवले. आपण पाहतो आहोत तसे आपल्याकडेही पाहिले जाते आहे, ही जाणीव त्या एका नोंदीत आहे. स्टीफन्स यांच्या पहिल्या पत्रात ती आम्हांला आढळत नाही, आणि आमच्या मुलीच्या पत्रातही नाही.

आता दुसरे पत्र पाहावे. ते २४ ऑक्टोबर १५८३ चे, म्हणजे उतरल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवसाचे आहे. भाऊ रिचर्ड यांना, लॅटिनमध्ये. त्याच वर्षी २५ जुलैला साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे सोबती मारले गेले होते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, आणि कुंकळ्ळीच्या गावकारांना पुढे पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. मोठ्या प्रेमाने स्वागत झाले असे जो लिहितो, त्याला स्वागत न करणारेही कोणी आहेत हे कळावयास वेळ लागतो. मिशन केंद्राच्या मागे राजाची तलवार उभी होती, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा मान राखूनही सांगितली पाहिजे. पण याच पत्रात स्टीफन्स येथील भाषांविषयी लिहितात. त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी नाते सांगते, असे त्यांचे मत आहे. पहिल्या पत्रात डोळे होते. दुसऱ्यात कान आले. टीकाकार म्हणून आम्हांला येथेच लेखक जन्मलेला दिसतो.

भाषा कोणी कोणाची शिकावयाची, हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर उलट्या बाजूनेही सुटलेला आहे. कोर्लईच्या डोंगराखालील गावात आजही काही शे घरांतून पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलली जाते. गावकरी तिला 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले. रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणी मनोऱ्याचे अवशेष राहिले आणि समोरच्या तीरावर ही बोली. अभ्यासक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. येथे पाहुण्याने यजमानाची भाषा घेतली नाही, यजमानाने पाहुण्याची घेतली आणि ती इतकी स्वतःची केली की पाहुणा गेला तरी ती राहिली. कोर्लईकरांचे हे कर्तृत्व आम्ही थोर मानतो. मात्र त्याचे श्रेय उतरणाऱ्याच्या वहीत मांडता येणार नाही.

स्टीफन्स यांनी ते स्वतःच्या वहीत कसे मिळविले हे १६१६ मध्ये दिसले. उतरल्याला सदतीस वर्षे झाली होती. राचोलला छापलेल्या त्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचे पोर्तुगीज नाव आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याचा अर्थ आहे, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण. म्हणजे तोही एका आगमनाचाच ग्रंथ. फक्त येणारा आता लेखक नाही. ज्या माणसाला प्रथम ओळखीचे एक झाड दिसले नव्हते तो येथे मराठीची थोरवी सांगताना फुलांत मोगरा आणि पाखरांत मोर निवडतो. ही निवड विद्वत्तेची नव्हे. साष्टीतील अंगणांत मोगरा कोणी वेचला, नावे कोणी सांगितली, हे ग्रंथात नाही. पण ती माणसे त्या ओळींत आहेत असे आम्हांला वाटते. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरी हस्तलिखितांतून ग्रंथ टिकला, आणि १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला.

आमच्या मुलीने सदतीस वर्षे थांबावे असे आम्ही म्हणत नाही. तिचे वडील मिस्सानंतर भेटले तेव्हा म्हणाले, "फादर, पोरगी एवढ्या लांब गेली, तुम्ही व्याकरण काय काढता?" आम्ही व्याकरण काढले नव्हते. आम्ही तिला लिहून एवढेच विचारले आहे की केंद्रावर तो मक्याचा गोळा रांधते त्या बाईचे नाव काय, त्या पदार्थाला ती काय म्हणते, आणि तुला ती कोणत्या नावाने हाक मारते. उत्तर आले की दोन्ही पत्रे जोडीने छापावीत असे संपादकांना सुचविणार आहोत. तिच्या आईला हे पटले आहे. वडिलांना अद्याप नाही.