नायकाला ‘नाही’ म्हणणारं माणूस

मराठी चरित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाची पहिली दाद ठरलेली असते: ‘काय हुबेहूब दिसलाय!’ ही दाद खरं तर रंगभूषाकाराची. ‘बालगंधर्व’च्या वेळी विक्रम गायकवाड यांना ती राष्ट्रीय पुरस्काराच्या रूपाने मिळाली, आणि रास्तच मिळाली. पण मिशी जुळली, पगडी बसली, चालण्याची लकब उचलली, की अभिनय झाला असं आपण समजू लागलो आहोत. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मराठीत एवढे चरित्रपट आले की आता साम्याचं कौतुक पुरे करून लेखन-दिग्दर्शनाचा हिशेब मांडायला हरकत नाही.

असा चित्रपट पाहताना मी एक गोष्ट शोधत असतो. या थोर माणसाला जवळून पाहणारं, त्याच्यावर जीव असलेलं आणि तरीही त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारं कुणी चित्रपटात आहे का? शत्रू नव्हे. शत्रू लिहिणं सोपं असतं. शेण फेकणारे सनातनी, चाबूक उगारणारे गोरे साहेब, कारस्थानी सहकारी हे सगळे नायकाची उंची वाढवायलाच येतात. घरातलं माणूस आडवं गेलं की मात्र लेखकाची परीक्षा सुरू होते, कारण तिथे दोन्ही बाजूंना खरेपणा द्यावा लागतो.

हे मराठी चित्रपटाला येत नव्हतं असं नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) ते इतकं सहज आलं होतं की आज आश्चर्य वाटतं. दामले-फत्तेलालांनी तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीसांना घेतलं. रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून आलेला हा गायक-नट. त्यांच्या चेहऱ्यावरची तल्लीनता तर सगळ्यांना आठवते. पण चित्रपट उभा राहतो तो गौरीबाईंच्या जिजाईवर. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवरा नामात दंग. ही बाई विठोबाला शिव्या घालते, आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि देवावर पायताण उगारते. शिवराम वाशीकरांच्या पटकथेत तिचा कुठेही उपहास नाही आणि तिला शेवटी ‘पटतं’ असाही देखावा नाही. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हा ही चुलीपाशीच असते. भक्ती आणि भूक एका छपराखाली समोरासमोर ठेवल्यामुळे तुकाराम माणूस म्हणून कळतो आणि संत म्हणून जास्त मोठा वाटतो. लेखनाची आणखी एक पावती म्हणजे, शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना कित्येक जण आजही तुकोबांचा अभंग समजून म्हणतात.

गंमत अशी, की याच्या आदल्याच वर्षी प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला होता. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. ज्यांच्यावर पुढे चरित्रपट निघायचा होता तेच एका चरित्रपटाचे नायक! पण शालूतल्या नारायणरावांवर, म्हणजे बालगंधर्वांवर, लुब्ध असलेल्या प्रेक्षकाला त्यांचं पुरुषरूप मानवलं नाही.

नव्या लाटेची सुरुवात परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) झाली, आणि माझ्या मते लेखनाच्या अंगाने तो चित्रपट अजून मागे पडलेला नाही. मोकाशींनी फाळक्यांचं अख्खं आयुष्य घेतलंच नाही. पडद्यावरची हलती चित्रं पाहून झपाटलेला माणूस ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढतो आणि लंडनपर्यंत जातो, एवढाच तुकडा. नाशकात १९४४ मध्ये झालेला तो विपन्न शेवट चित्रपटाबाहेर ठेवला. रडण्याची एवढी हमखास सोय सोडायला धैर्य लागतं. विम्याची पॉलिसी गहाण, घरातलं सामान विकलेलं, मध्येच दृष्टी जायची वेळ आलेली, आणि चित्रपट मात्र हसत चाललेला. नंदू माधव फाळक्यांना महापुरुष म्हणून उभं करत नाहीत. खेळणं हाती लागलेल्या पोराची लगबग त्यांच्या अंगात आहे. विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई या वेडाला हसून सामील होतात. इथे जिजाईसारखं भांडण नाही हे खरं. पण शेजारी, मित्र, नातेवाईक सगळे ‘याला वेड लागलंय’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं चित्रपट खोडून काढत बसत नाही. ते त्यांच्या जागी बरोबरच असतात.

याच विभावरी देशपांडे दोन वर्षांनी ‘बालगंधर्व’मध्ये नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या. अभिनेत्री तीच, भूमिकाही पुन्हा झपाटलेल्या माणसाच्या बायकोची, पण लेखन किती फरक करतं ते इथे दिसतं. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी (१९११) मुलगी गेलेली असताना बालगंधर्व उभे राहिले, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. चित्रपटात ती येते तेव्हा पार्श्वसंगीत आणि कॅमेरा आपल्याला एकच भावना देतात: केवढी ही निष्ठा! घरी बसलेल्या आईच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत दिसतो, पण संवादांत उतरत नाही. रवी जाधवांची दृश्यरचना देखणी, नितीन देसाईंचं नेपथ्य भरजरी, आनंद भाटेंचा आवाज तर राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. सुबोध भावेंनी शालूतली डौलदार हालचाल आणि शालूबाहेरचा मऊ, भाबडा, व्यवहारशून्य माणूस यांतलं अंतर नेमकं पकडलं. पण गायिका-अभिनेत्री गोहरबाई आल्या आणि आयुष्य सर्वांत गुंतागुंतीचं झालं, त्याच सुमाराला पटकथेला घाई सुटते.

भावेंचं खरं मोठं काम मला ‘आणि… डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये (२०१८) दिसतं. मधला ‘लोकमान्य’ मी त्यात धरत नाही. तिथे करारी आवाज आणि रोखलेली नजर यांपलीकडे जायला पटकथेने जागाच ठेवली नाही, आणि ज्या आगरकरांनी टिळकांना सर्वांत जवळून विरोध केला ते भराभर उरकले. संमतिवयाच्या वादात दोन मित्र समोरासमोर उभे राहतात, यापेक्षा मोठं नाट्य त्या आयुष्यात कुठलं होतं? घाणेकरांच्या चित्रपटाला मात्र एक फायदा होता. आधाराला पत्नीने, कांचन घाणेकरांनी लिहिलेलं ‘नाथ हा माझा’ होतं. प्रेम आणि चीड एकाच पानावर असलेलं पुस्तक. त्यामुळे अभिजित देशपांडेंच्या पटकथेत टाळ्यांना चटावलेला, उशिरा येणारा, पिणारा, माणसं दुखावणारा नट न लाजता येतो. दातांचा डॉक्टर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी होतो, ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या होतो, आणि मग लाल्या अंगातून उतरतच नाही. सुमीत राघवन यांनी केलेले समकालीन नट डॉ. लागू समोर आले की चित्रपटात वाद पेटतो: नट मोठा की त्याचं गारुड? शिवाय पहिल्या पत्नीच्या, इरावतीच्या भूमिकेत नंदिता पाटकर. तिच्या वाट्याला संवाद थोडे, पण नवऱ्याकडे पाहण्याची तिची थंड नजर कित्येक प्रसंगांना खाऊन टाकते. उत्तरार्ध पसरट आहे, हे मान्य.

समीर विद्वांसांच्या ‘आनंदी गोपाळ’ची (२०१९) गोष्ट अवघड आहे. इथे नायक कोण आणि ‘नाही’ म्हणणारं कोण, हेच सतत बदलतं. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करून तिला शिकवण्यासाठी मारहाणीपर्यंत जाणारे गोपाळराव हे मराठी सामाजिक इतिहासातलं सर्वांत अस्वस्थ करणारं पात्र असावं. सुधारणा आणि जुलूम एकाच हातातून! ललित प्रभाकर पूर्वार्धात हा विक्षिप्तपणा बिनधास्त खेळतो आणि प्रेक्षकाला त्याची भीतीही वाटते. भाग्यश्री मिलिंद यांनी परकरातल्या पोरीपासून पेनसिल्व्हेनियातून १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या स्त्रीपर्यंतचा प्रवास आवाजाच्या पट्टीतून दाखवला. दहा दिवसांचं बाळ गेल्यावर तिचा निर्धार आतून उगवतो, नवऱ्याने लादलेला राहत नाही, ही पटकथेतली उत्तम जागा आहे. मात्र पुढे चित्रपट गोपाळरावांवर प्रेम करू लागतो. आनंदीबाई अमेरिकेत असताना त्यांनी लिहिलेल्या पत्रांतला संशय आणि टोचणी इतिहासात नोंदलेली आहे. पडद्यावर ती बोथट होते. अमेरिकेतली वर्षं झरझर जातात, आणि तिथेच तर ती पहिल्यांदा एकटी, स्वतःच्या बळावर उभी होती.

‘मी वसंतराव’ला (२०२२) लोक लांब म्हणाले. जवळजवळ तीन तास आहेच तो. पण निपुण धर्माधिकारींनी हा वेळ कारणी लावला आहे. सैन्याच्या हिशेब खात्यात कारकुनी करत, ईशान्येतल्या नेफापर्यंत बदली झेलत, ‘कट्यार काळजात घुसली’तल्या (१९६७) खाँसाहेबांपर्यंत पोचायला गायक वसंतराव देशपांड्यांना आयुष्याची चाळिशी ओलांडावी लागली. ती वाट पाहणं प्रेक्षकालाही जाणवायला हवं होतं. राहुल देशपांडे आजोबांची भूमिका करतात तेव्हा अभिनेता म्हणून कुठे कुठे कच्चे पडतात, पण गाणं सुरू झालं की तक्रार करायला तोंड राहत नाही. नवऱ्यापासून वेगळी राहून मुलाला वाढवणारी आई अनिता दाते यांनी ताठ कण्याने केली. नातवाने केलेल्या चित्रपटात आजोबांचा चाचरणारा, पडखाऊ स्वभाव दिसावा, ही कौतुकाची बाब आहे.

कारण बहुतेकदा उलटं होतं. वारस, शिष्य, अनुयायी हेच निर्माते किंवा परवानगी देणारे असतात. ‘धर्मवीर’मध्ये (२०२२) प्रसाद ओकने दाढी, चष्मा, चालण्यातली घाई यांत शिस्तीने काम केलं आहे, पण आनंद दिघ्यांना चित्रपटभर कुणी अडवतच नाही. प्रत्येक प्रसंग पाया पडून संपतो. प्रदर्शनानंतर महिनाभराने दिघ्यांच्याच पक्षात, शिवसेनेत, जी फूट पडली, त्यानंतर तर तो चित्रपट म्हणून पाहणंच कठीण झालं. महेश मांजरेकरांच्या ‘भाई’ची (२०१९) अडचण वेगळी. दोन भाग मिळूनही पु. ल. किश्शांतून बाहेर येत नाहीत. एक नामवंत मित्र आला, विनोद झाला, गाणं झालं, पुढचा आला. सागर देशमुख हसरे, इरावती हर्षे समंजस. पण ज्या सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ लिहून महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाशी संसार करताना काय पडतं ते १९९० मध्येच सांगून ठेवलं, त्यांच्या धारेचा हा चित्रपट नाही. एवढी तयार साक्ष हाताशी असताना मैफली चित्रित करत बसायचं, याला काय म्हणावं?

फुल्यांवरच्या चित्रपटांकडे पाहिलं की हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ केला. अलीकडे ‘सत्यशोधक’ (२०२४) आला, पाठोपाठ हिंदीत ‘फुले’ (२०२५), ज्याला प्रमाणपत्र मंडळाने सुचवलेले बदल करून उशिराने प्रदर्शित व्हावं लागलं. अशा वातावरणात दिग्दर्शकाने नायकाला जपावं हे समजण्यासारखं आहे. पण जोतीराव-सावित्रीबाईंना १८४९ मध्ये घराबाहेर काढणारे कुणी खलपुरुष नव्हते. ते गोविंदराव होते, ज्यांनी स्वतः मुलाला शाळेत घातलं होतं. पोराचा अभिमान, समाजाची भीती आणि दार लावण्याची लाज एकाच बापाच्या पोटात. या प्रसंगाला दहा-बारा मिनिटं द्यायला हवीत, एक मुरलेला नट द्यायला हवा, आणि त्या वेळात एकही भाषण असता कामा नये. आपल्या पटकथा तो वेळ शाळा, हौद, सत्कार अशा घटनांच्या नोंदींना वाटून टाकतात.