गोष्ट एक सांगते, हात दुसरेच करतात

नवा व्हिडिओ गेम आला की त्याच्याविषयीची चर्चा ठरावीक वळणाने जाते. ग्राफिक्स कसे आहेत, कथा कशी आहे, संगीत कसे आहे, किती तास पुरतो आणि त्या मानाने पैसे वसूल होतात का? यातले पहिले तीन प्रश्न चित्रपट-समीक्षेतून उचललेले आहेत आणि उरलेले दोन किराणा दुकानातून. जो प्रश्न फक्त याच कलेला विचारता येतो, तो मात्र क्वचित कानावर पडतो. हा खेळ खेळणाऱ्याच्या हातांना नेमके काय करायला लावतो, आणि त्याला जे सांगायचे आहे त्याच्याशी या करण्याचा काही संबंध आहे का? गेल्या दहा-बारा वर्षांतले गाजलेले खेळ या एका कसोटीवर घासून पाहिले तर मानाच्या जागा बऱ्याच बदलतात. पडद्यावर डोळे दिपवणारे काही खेळ मागे पडतात आणि एकट्या-दुकट्याने केलेले, दिसायला ओबडधोबड खेळ पुढे येतात.

ल्यूकस पोप या एकट्या माणसाने केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३चा खेळ घ्या. आर्स्टॉट्स्का नावाचा एक काल्पनिक साम्यवादी देश, साल १९८२, आणि खेळाडू म्हणजे सीमेवरच्या चौकीतला कारकून. समोर येणाऱ्याचा पासपोर्ट, परवाना, फोटो, तारखा, शिक्के तपासायचे आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. प्रत्येक तपासलेल्या माणसामागे मजुरी मिळते. चुका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की दंड कापला जातो. संध्याकाळी त्याच पैशांतून घरभाडे, जेवण, ऊब आणि आजारी पडलेल्यांचे औषध भागवायचे असते. नियम दिवसागणिक वाढत जातात. एक माणूस योग्य कागदांनिशी येतो आणि जाताना सांगतो की मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशपत्र नसते. तिला आत सोडले तर चूक आपल्या नावावर लागते. या प्रसंगात संवाद मोजून चार ओळींचा आहे, चेहरे ठोकळ्यांचे आहेत, संगीत जवळजवळ नाहीच. तरीही तो चटका लावतो, कारण निर्णय आपल्या बोटाखाली असतो आणि त्या बाईच्या मागे रांग खोळंबलेली असते. खेळाचे खरे मर्म याहून खोल आहे. खेळाडू जसजसा तरबेज होतो तसतशी त्याची नजर माणसावरून कागदावर सरकते. वेग वाढतो, मजुरी वाढते, आणि समोर कोण उभे आहे हे दिसेनासे होते. नोकरशाहीतला निर्दयपणा दुष्टपणातून येत नाही, कामातल्या सफाईतून येतो, हे विधान कादंबरीही करू शकेल. पण कादंबरी वाचकाला त्या सफाईचा आनंद देऊन मग त्या आनंदाची लाज वाटायला लावू शकत नाही. हे खेळालाच जमते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. रॉकस्टार या स्टुडिओचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) हा दृश्यकलेचा अचंबित करणारा नमुना आहे. आर्थर मॉर्गन हा क्षयाने खंगत चाललेला दरोडेखोर आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो, आणि ते लिहिलेही उत्तम आहे. शिवाय या खेळात घोड्याला खरारा करणे, शिकार सोलणे, एकेक खण उघडून पाहणे अशा कृतींना मुद्दाम वेळ दिलेला आहे. त्यातून येणारा संथपणा संपत आलेल्या एका युगाविषयी बरेच काही सांगतो. घोटाळा होतो तो मोहिमांमध्ये. तिथे आखून दिलेल्या वाटेवरून चार पावले बाजूला गेले की मोहीम फसली म्हणून खेळ पुन्हा मागे नेतो. एका प्रसंगात आर्थर हिंसेला विटलेला असतो, पुढच्याच प्रसंगात आपण त्याच्याकरवी डझनावारी माणसे टिपत असतो, आणि अचूक नेमाबद्दल शाबासकी मिळते. गोष्ट पश्चात्तापाची, बोटांना मिळालेले बक्षीस नेमबाजीचे.

नॉटी डॉग या स्टुडिओच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा (२०२०) खटला अधिक गुंतागुंतीचा आहे. अर्धा खेळ आपण नायिका एलीच्या बाजूने सूड घेत फिरतो आणि मग तो खेळ आपल्याला तिच्या शत्रूच्या, अ‍ॅबीच्या, शरीरात नेऊन बसवतो. ही उडी निखळ खेळाची आहे. शत्रूची कैफियत ऐकणे वेगळे आणि तासन्तास त्याच्याच हातापायांनी जगणे वेगळे. पण याच खेळात एका असहाय बाईला मारण्यासाठी बटण दाबावेच लागते. न दाबता पुढे जाता येत नाही. समर्थक म्हणतात की हीच तर सुडाची सक्ती. हे निम्मे पटते. उरलेले निम्मे असे की ज्याला नकार देण्याची सोयच नव्हती त्याला अपराधी ठरवणे हे नाटकातल्या नटाला खुनाबद्दल जाब विचारण्यासारखे आहे. २०२५चा बहुचर्चित ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका तुलनेने लहान स्टुडिओचा आहे, तेव्हा गोष्ट आणि कृती यांतली फारकत हा नुसता पैशाचा प्रश्न नाही हेही कळते. एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे विरून जातात, ही कल्पना अंगावर काटा आणते. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग तर फारच चांगला आहे. पुढे मात्र बोटे शत्रूचा वार ऐन क्षणी अडवण्यात आणि मोठमोठे आकडे उडवण्यात रंगून जातात. ती लढाई झकास आहे. दुःखाशी तिचे सोयरसुतक थोडेच आहे.

इथे एक जुना आक्षेप उभा राहतो. अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१०मध्ये ठामपणे लिहिले होते की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाही. काही महिन्यांनी, न खेळता असे मत द्यायला नको होते, हेही त्यांनी मान्य केले. पण त्यांच्या म्हणण्यातला गाभा अजून जिवंत आहे: कलेत लेखक आपल्याला एका अटळ शेवटाकडे नेतो, खेळाडूच्या हाती निवड दिली की ती अटळता विरघळते. हा आक्षेप चुकीच्या जागी लेखक शोधतो. खेळाचा लेखक घटना लिहितोच असे नाही, तो किंमत लिहितो. चौकीतल्या कारकुनाने त्या बाईला आत घ्यायचे की नाही हे पोप ठरवत नाहीत, पण आत घेतल्यास घरात काय कमी पडेल आणि न घेतल्यास डोक्यात काय उरेल, हे त्यांनीच ठरवलेले आहे. निवड खेळाडूची, तराजू लेखकाचा. तराजूवर लेखकाची पकड नसती तर निवडीला वजनच आले नसते.

याहून अवघड आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे. म्हणजे नियमांतून अर्थ सांगण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण हाच पट विलायतेला गेला, कालांतराने घरांवरची नावे गळून पडली आणि मागे उरला तो लहान मुलांचा फाशांचा खेळ. नियम तसेच राहिले, अर्थ गेला. मग अर्थ नियमांत होता की त्या घरांवर लिहिलेल्या शब्दांत? हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर असे की मोक्षपटात खेळणाऱ्याला काहीच ठरवायचे नसते. कवड्या पडतील तसे जायचे. काम, क्रोध, मत्सर यांच्या तोंडी तो आपल्या करणीने जात नाही, दानामुळे जातो. त्यामुळे नियम आणि शब्द यांच्यातला धागा मुळातच सैल होता, आणि सैल होता म्हणून तो सुटला. (प्रारब्धाविषयीचे विधान म्हणून तो चपखल आहे असे कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढणे कठीण आहे.) ‘पेपर्स, प्लीज’मधली सगळी नावे पुसून टाकली तरी घाई, तुटपुंजी मजुरी आणि रांग उरते, आणि त्यांच्यासोबत अर्थाचा मोठा भागही उरतो. शब्द नकोत असा याचा अर्थ नाही. शब्दांनी जे म्हटले ते कृतीने खोडू नये, इतकेच मागणे आहे.

म्हणून तर जवळजवळ शब्दांचाच बनलेला ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) या कसोटीला उतरतो. एस्टोनियातल्या लेखक-कलावंतांच्या गटाने केलेल्या या खेळात लढाईची यंत्रणाच नाही. स्मृती गमावलेला एक दारुडा पोलीस अधिकारी, झाडाला लटकणारे प्रेत आणि वाचायला कादंबऱ्यांहून जास्त मजकूर. मग ही कादंबरीच का नव्हे? कारण नायकाची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यातले चोवीस आवाज आहेत, आणि कुठल्या आवाजाला खतपाणी घालायचे हे खेळाडू ठरवतो. तर्काला वाढवावे तर तो शेफारतो, सहानुभूती वाढवावी तर तीच गळ्यात येते. फासे हुकले की गोष्ट थांबत नाही, अनेकदा अधिक रंगतदार वळण घेते. सुरुवातीलाच पंख्यावर अडकलेला टाय काढायला गेलेला हा नायक हृदयविकाराने मरूही शकतो. मोडलेल्या माणसाचे मोडलेपण इथे वर्णन म्हणून येत नाही. आपणच त्याची जुळवाजुळव करत असतो.

कृती म्हणजे निवडच, असेही समजायचे कारण नाही. पाहणे आणि समजून घेणे हीदेखील कृती आहे. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळे पुन्हा सुरू होते. नवे शस्त्र नाही, वाढती ताकद नाही; फेरीमागून फेरी साठते ते फक्त ज्ञान. शेवटाकडे जाणारा रस्ता पहिल्या उड्डाणापासून उघडाच असतो, तो ठाऊक नसतो एवढेच. पोप यांचाच ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) याच जातीचा, पण माझ्या मते त्याहून सरस. १८०२मध्ये निघालेले जहाज १८०७मध्ये निर्मनुष्य परत येते आणि ईस्ट इंडिया कंपनीचा तपासनीस म्हणून आपल्याला साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि गत नोंदवायची असते. हाती असते एक घड्याळ, जे प्रेताजवळ नेले की मृत्यूचा क्षण गोठलेल्या रूपात दाखवते. चित्रे जुन्या संगणकासारखी निव्वळ काळी-पांढरी. कप्तानाला सगळे हुद्द्याने हाक मारतात, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. भारतीय, चिनी खलाशांना मात्र फारसे कुणी नावाने पुकारत नाही. त्यांना ओळखायचे तर झोळीचा क्रमांक, पायातले जोडे, कुणाच्या शेजारी कोण उभे आहे हे निरखावे लागते. नियम कप्तानाला आणि खलाशाला सारखेच मोजतो. वहीत दोघांचीही एकेकच ओळ. कंपनीच्या दृष्टीने हा विम्याचा हिशेब आहे, आणि तो पुरा करताना आपल्या हातून मात्र कंपनीने कधी केले नसते ते घडते: त्या बिनचेहऱ्याच्या माणसांकडे टक लावून पाहणे. वसाहतवादावर एकही भाषण न देता हे साधलेले आहे.

आपल्याकडच्या खेळांचे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) याचे कौतुक झाले ते बहुतेक देखावा आणि पुराणकथांसाठी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर मुलांना पळवून नेतात आणि जत्रेत कसरती करणारी राजी भाऊ गोलूच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन वार करते, तेव्हा कसरतीचे अंग आणि पात्र एक होतात, आणि त्या जागी खेळ खरोखर स्वतःचा वाटतो. पण शत्रूंच्या टोळीला चहूबाजूंनी झोडपत पुढच्या दारापर्यंत जाण्याचा साचा पाश्चात्त्य अ‍ॅक्शन गेमचाच राहतो. हातात त्रिशूळ आला म्हणून कृती भारतीय होत नाही. पहिलाच प्रयत्न होता, तुटपुंज्या साधनांत केला होता, त्याला इतके कठोर का तोलायचे, असे म्हणता येईल. पण सवलतीचे गुण देणे म्हणजे त्या कलावंतांना गांभीर्याने न घेणेच होय. शिवाय टोरांटोच्या व्हिसाई गेम्सने केलेला ‘वेन्बा’ (२०२३) त्याहून आटोपशीर असून या कसोटीला अधिक उतरतो. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई, फाटकी पाककृतींची वही, आणि पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत इडली, पुट्टू, बिर्याणी करणारे आपले हात. मुलगा कविन मोठा झाल्यावर तीच वही त्याच्या हाती येते आणि तमिळ त्याला धड कळत नाही, तेव्हा तुटलेली परंपरा चाचपडत जोडणे ही गोष्टही असते आणि खेळही. त्यातल्या चुका फारच स्वस्त आहेत, पुन्हा केले की झाले, ही त्याची उणीव.

महाराष्ट्रात, आणि एकूण देशातही, गेमचा विषय निघतो तो बंदीच्या बातम्यांत. २०२०मध्ये पबजी, २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्धचा केंद्राचा कायदा. त्या चिंता खऱ्या आहेत, घरे बुडाली आहेत. पण जुगार आणि कला यांना एकाच पोत्यात भरले की दोन्हींची पारख बुडते. युरोपातल्या मानांकन मंडळाचेच पाहा: ‘बलाट्रो’ (२०२४) या पोकरच्या पत्त्यांवर रचलेल्या, पण खऱ्या पैशाचा संबंध नसलेल्या खेळाला त्यांनी आधी १८ वर्षांवरील ठरवले आणि अपिलानंतर १२वर आणले. पत्ते दिसले, नियम पाहिले नाहीत. आपल्याकडे तर पाहणारेच कमी आहेत. नाटक-चित्रपटांवर नेमाने लिहिणाऱ्या मराठी नियतकालिकांनी महिन्याकाठी एक पान या कलेला द्यायला हवे, आणि ते तंत्रज्ञानाच्या पुरवणीत नव्हे, कलेच्या पानांत. वाचकांपैकी ज्यांनी आजवर एकही गेम खेळलेला नाही, त्यांनी ‘ओब्रा डिन’पासून सुरुवात करावी: इंग्रजी वाचता यावे लागते, नेमबाजी मुळीच लागत नाही, आणि साधारण संगणकावरही तो चालतो.