फाळक्यावरचे वाङ्मय

आमच्या मोरीतला नळ तीन दिवस गळत होता. चौथ्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात माझ्या स्कूटरपुढे साक्षात प्लंबरचा टेम्पो! मागच्या फाळक्यावर आधी गणपती, मग आईवडिलांचा आशीर्वाद, मग एक हसरी तोटी. तोटी मात्र झकास. थेंबाला सावलीसुद्धा होती. त्याखाली चौदा कामांची यादी आणि सगळ्यात खाली, नंबरप्लेटला खेटून, मोबाइलचे दहा आकडे. खातेक्रमांक वाचण्यात माझी हयात गेली, तरी सहा आकड्यांवर सिग्नल सुटला.

हाताने रंगवायचे तेव्हा पेंटरच कंटाळून थांबायचा. आता व्हिनाइलचा स्टिकर चौरस फुटाच्या भावाने मिळतो, त्यामुळे रिकामी जागा मालकाला तोट्यात गेल्यासारखी वाटते. अहो, चौकातला वाचक पारायणाला बसलेला नसतो. काम आणि नंबर, दोन्ही हातभर अक्षरांत, बस्स!

पाठलाग करून टेम्पो एका गल्लीत गाठला. तर पाइप काढायला फाळका खाली पाडलेला, नंबर आतल्या बाजूला!

“नंबर लिहून घ्या काका,” पोरगा म्हणाला. “एवढा खर्च केला, पण फोनच येत नाहीत हो!”