कुरवंजीचा भूगोल आणि मुत्तुपेटची नाव

तंजावरास बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यातच तीन स्थळे पाहून घेतो : बृहदीश्वराचे देऊळ, भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल. देवळाच्या भिंतीवरील १८०३ चा मराठी शिलालेख पाहून त्याचा ऊर भरून येतो. पुढे लेखणी हाती घेतली, तर त्याचा लेखही याच तीन ठिकाणी फिरून संपतो. तंजावरवरील बहुतेक मराठी प्रवासलेखांवर आमचा आक्षेप हाच आहे. ते ग्रंथालयाच्या उंबऱ्याशी थांबतात. तेथून दोन तासांच्या वाटेवर समुद्र आहे, याची त्यांस वार्ताच नसते.

ज्यांच्या नावाने हे लेखक गहिवरतात ते दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) मात्र उंबऱ्याशी थांबले नाहीत. त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. त्यांतील काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पाल्कच्या उपसागराच्या काठी त्यांनी मनोरा उभारला. आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला. या कृतीचे मोल आम्हांस तिच्या योजनेत दिसते. साचा तमिळ, भाषा मराठी, विषय पृथ्वी. आणि सांगणारी कोण, तर गावोगाव फिरून भविष्य सांगणारी कुरवंजी. ज्ञान पंडिताच्या मुखी न घालता वाट तुडविणाऱ्या बाईच्या मुखी घालावे, ही दृष्टी थोर होय.

मुत्तुपेटच्या खारफुटीत नावेतून जाताना आम्हांस ही कुरवंजी आठवली. हा भाग १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होता. आज तो तिरुवारूर जिल्ह्यात मोडतो. नाव कोरैयार नदीतून निघते. दोन्ही तीरांवर दाट झाडी, चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळे, आणि पुढे एकाएकी उघडणारे उथळ खारे सरोवर. आमचा वाटाड्या तमिळमध्ये व मोडक्या हिंदीत बोलत होता. झाडाचे नाव त्याने ‘अलैयात्ति’ असे सांगितले, म्हणजे लाट शमविणारे. २०१८ च्या ‘गजा’ वादळाने मोडलेली झाडे त्याने हाताने दाखविली आणि तो गप्प राहिला. त्या एका नावात आणि त्या मौनात जे आले, ते आमच्या कित्येक पानांत येत नाही.

नावेतील एका मंडळीने वारंवार विचारले, “दिसणार काय?” अशा सहलींचा खरा दोष येथे आहे. दर्शनाची हमी मागितली की वाटाड्या नाव पक्ष्यांच्या थव्यात घालतो, थवा उडतो, छायाचित्र मिळते आणि पाखरांची चरण्याची वेळ वाया जाते. आमच्या वाटाड्याने तसे केले नाही. त्याने यंत्र बंद केले. समुद्रगायीविषयी विचारता तो हसून म्हणाला, “ती दिसत नाही, तिचे गवत मात्र आहे.” तंजावर व पुदुक्कोट्टै यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र २०२२ साली तिच्यासाठी राखीव झाला, तो त्या समुद्रतृणामुळेच. जे दिसणार नाही त्याविषयीही आदर निर्माण करणे, ही उत्तम निवेदनाची कसोटी आम्ही मानतो. मग ते निवेदन ग्रंथातले असो वा नावेतले.

या कसोटीला आमचे प्रवासलेखन उतरत नाही. ‘अलैयात्ति’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या कोकणच्या खाडीतील तिवर होय, हे ओळखण्यास आम्हांस अर्धा तास लागला. खाडीकाठी जन्मलेल्या आमच्यातील एकाने पान चोळून पाहिले, तेव्हा कुठे ते उमगले. परमुलखात आपले शिलालेख शोधणाऱ्यांना आपले झाड ओळखता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मारुती चितमपल्लींनी पाखरांची मराठी नावे जन्मभर वेचून ठेवली ती काय केवळ विदर्भापुरती?

नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्या आमच्या वाचकांस बदलीचा हुकूम केव्हा येईल, याचा नेम नसतो. तो येण्यापूर्वी त्यांनी एक दिवस किनाऱ्यासाठी राखून ठेवावा, वाटाड्याला नावे विचारावीत, आणि तमिळ नावाशेजारी मराठी नाव लिहून ठेवावे. सरफोजींच्या कुरवंजीने मराठीला साऱ्या जगाचा भूगोल सांगितला. पायाखालच्या किनाऱ्याचे पान मात्र अजून कोरेच आहे.