तान्ह्या पोळ्याचा नंदी : एक रूपविचार

लोककलेविषयीच्या आपल्या समीक्षेत खेळण्याला अद्याप स्वतंत्र स्थान लाभलेले नाही. मूर्ती, भित्तिचित्र, मुखवटा यांचा रूपदृष्ट्या विचार होतो. खेळणे मात्र एक तर बालमानसशास्त्राच्या स्वाधीन केले जाते, नाहीतर हस्तव्यवसायांच्या यादीत एका ओळीत आटोपते. प्रस्तुत टिपणात नागपूरच्या तान्ह्या पोळ्यातील लाकडी नंदीचा, आणि त्यातही एका विशिष्ट मुलासाठी सांगून करविलेल्या नंदीचा, कलाकृती म्हणून विचार करावयाचा आहे.

पिठोरी अमावास्येस शेतकऱ्यांचा पोळा होतो व दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुले चाकांवरील लाकडी बैल ओढीत घरोघर जातात आणि बोजारा मिळवितात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली, असे नागपुरात परंपरेने सांगितले जाते. प्राण्याला चाकांवर चढविण्याची कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्यवस्तूंत बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत. ती खेळणी होती की पूजावस्तू, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. घडविणाऱ्याला स्थिर आकृती अपुरी वाटली, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. प्रस्तुत लेखकाच्या सात वर्षांच्या नातवाला गेल्या वर्षी बाजारातील तयार नंदी नको होता. त्याच्या आजोळचा एक बैल आदल्या उन्हाळ्यात विकला गेला होता. त्याचे डावे शिंग खाली वळलेले होते, आणि मुलाला तोच बैल हवा होता. सुताराने दोनच प्रश्न विचारले : शिंग कानाच्या पुढे की मागे, आणि बैल मान वर करून चालतो की खाली घालून? पहिल्याचे उत्तर मुलाने तोंडी दिले. दुसऱ्याचे स्वतः चालून दाखविले. आठ दिवसांनी सागवानी, सुमारे ९ इंच उंचीचा नंदी हाती आला.

प्रथमदर्शनी तो सदोष वाटला. एक शिंग खाली गेल्यामुळे मस्तकाचा भार डावीकडे झुकतो, तो सावरण्यासाठी सुताराने मान किंचित उजवीकडे वळविली आहे आणि वशिंडही त्याच बाजूस कलते ठेवले आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. त्यांपैकी समतोलाचे हे बरे उदाहरण आहे, असे म्हणावयास हरकत नव्हती. तथापि फळीवर ठेवलेल्या नंदीत तो समतोल ओढूनताणून आणल्यासारखा भासत होता. मुलाने दोरी धरून तो अंगणात ओढला, तेव्हा उलगडा झाला. हाताने कोरलेली चाके तंतोतंत वर्तुळाकार नव्हती. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यास नंदी थोडा झुलत होता, आणि त्या झुलण्यात मानेचा कल व वशिंडाचा उतार ही चाल होऊन गेली. जे फळीवर वैगुण्य होते, ते गतीत रूप झाले. चाके आणि दोरी ही या कृतीला जोडलेली उपकरणे नसून तिच्या रूपाचेच घटक होत. सौंदर्यानुभव उपयोगापासून सर्वस्वी अलिप्त असतो, हा सिद्धान्त खेळण्याच्या बाबतीत त्यामुळेच अपुरा पडतो.

येथे असा आक्षेप संभवतो की, विशिष्ट बैलाशी असलेले साम्य हा भावनेचा विषय आहे, कलेचा नव्हे. आक्षेप रास्त आहे. परंतु मुलाच्या मागणीने येथे केवळ साम्य मागितले नाही, तिने सुतारापुढे रचनेचा एक प्रश्न उभा केला. शिंगाने मान बदलली, मानेने वशिंड बदलले. जेथे मागणीने रूप बदलविले, तेथे ही कृती जिवंत आहे. जेथे तसे झाले नाही, तेथे ती फसली आहे, हेही नमूद केले पाहिजे. डोळे नेहमीच्या साच्यातले, काळ्या रंगाचे दोन बदाम आहेत; ते कोणत्याही नंदीला चालले असते. शिवाय चकचकीत तैलरंगाच्या जाड थराखाली पटाशीच्या खुणा बुजून गेल्या आहेत. मानेवर ज्या हाताने विचार केला, त्यानेच मुखावर सवयीने काम केले, असे खेदाने म्हणावे लागते.

या विवेचनाला एक व्यावहारिक बाजू आहे. विदर्भात ठिकठिकाणी तान्ह्या पोळ्यानिमित्त नंदी-सजावटीच्या स्पर्धा होतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील भव्य नंदी तर प्रसिद्धच आहेत. ते सार्वजनिक शोभायात्रेचे अंग असून त्यांना भव्यतेचा निकष लावणे योग्यच आहे. परंतु तोच निकष मुलाच्या हातातील नंदीला लावला की बेगड आणि झूल वाढते, आकार वाढतो, आणि शेवटी नंदी वडिलांनी उचलून न्यावा लागतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताचा मुलगा मातीच्या गाडीवर रुसून सोन्याच्या गाडीसाठी रडतो. त्या नाटकात सोन्याचा हट्ट मुलाचा आहे. आपल्या स्पर्धांत तो मोठ्यांचा झाला आहे. आज देशोदेशीचे स्वतंत्र खेळणी-कलावंत मागणीवरून एकेकच बाहुली वा पुतळा घडवितात, आणि त्यांपैकी पुष्कळ काचेच्या कपाटात जाऊन बसतात. नागपूरच्या सुताराची कृती अजून अंगणात आहे, हे तिचे वैशिष्ट्य जपण्यासारखे आहे.

म्हणून एक लहानशी सूचना करून हे टिपण पुरे करतो. सजावटीच्या स्पर्धेत परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी प्रत्येक नंदी, ज्याचा आहे त्या मुलाकडून, दहा पावले ओढवून पाहावा.