बेसूर कोण ठरवतो? : एका साशंक श्रोत्यासाठी

आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी संगीताचे चांगले जाणकार आहेत. कुमार गंधर्वांपासून पाश्चात्त्य रॉकपर्यंत त्यांच्या कानाला काही वर्ज्य नाही, असे मी समजत होतो. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला 'द क्लॅश' या लंडनच्या बँडचा १९७७ सालचा पहिला आल्बम ऐकवला. गाणारा गात नव्हता, ओरडत होता. गिटार वाजत नव्हती, खरवडली जात होती. सहकारी म्हणाले, "सर, सुरांकडे बघू नका. संताप बघा, किती खरा आहे!" मलाही तो खरा वाटला.

दोन-तीन महिन्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोघे दीक्षाभूमीकडे चाललो होतो. पुस्तकांच्या स्टॉलमागून स्टॉल, आणि प्रत्येक कर्ण्यातून वेगळे भीमगीत. याच सहकाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, "यात संगीत कुठे आहे? नुसता प्रचार. आणि चाली तर सिनेमाच्या!"

कान तेच, माणूस तोच. मग लंडनच्या पोराचे ओरडणे 'अभिव्यक्ती' आणि इंदोऱ्याच्या पोराचे ओरडणे 'गोंगाट' हा निवाडा कोणत्या शास्त्राने झाला? हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. सहकारी माझे शत्रू नाहीत आणि त्यांची शंका प्रामाणिक आहे, म्हणूनच तिला उत्तर द्यायचे. शिवाय ती शंका एके काळी माझीही होती. पदवीच्या वर्गात असताना वस्तीतला भोंगा सुरू झाला की वर्गमित्रांना घरी आणायची मला लाज वाटे. घराण्यातला पहिला पदवीधर ग्रंथालयातून केवळ पुस्तकेच घरी आणत नाही. स्वतःच्या माणसांविषयीची दुसऱ्यांची अभिरुचीही घेऊन येतो.

प्रथम त्यांच्या आवडत्या पंक संगीताविषयी. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात बेकारी वाढत होती. कारागीर आणि कामगारांच्या वस्त्यांतील तरुणांना रॉक संगीत परके वाटू लागले होते, कारण ते श्रीमंत, गुंतागुंतीचे आणि उस्तादांचे झाले होते. पंकने सांगितले की गिटारवरचे तीन स्वरमेळ आले की बँड काढा. तेव्हाच्या एका हस्तनिर्मित पत्रिकेत तीन स्वरमेळांची चित्रे काढून नेमके हेच छापले होते. म्हणजे पंकचे कच्चेपण ही उणीव नव्हती. मंचावर चढायचा हक्क कोणाला, या प्रश्नाचे ते उत्तर होते. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात 'सेक्स पिस्टल्स'ने तिच्यावर गाणे काढले आणि बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. क्लॅशने जमैकाच्या काळ्या गायकाचे रेगे गीत आपल्या पहिल्याच आल्बममध्ये घेतले. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्ध प्रचंड मेळावा झाला. त्यात क्लॅशच्या बरोबरीने 'स्टील पल्स' हा काळ्या तरुणांचा बँड होता आणि 'एक्स-रे स्पेक्स'ची पॉली स्टायरीन ही सोमाली पित्याची मुलगीही गायली.

आता आपल्याकडे या. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय उलटा केला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तोच साचा आंबेडकरी चळवळीसाठी वापरला. गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला. त्या जागी पाणवठा, शाळा, सावकार आणि बाबासाहेब आले. ढोलकी आणि तुणतुणे मात्र राहिले. ही बाब फार महत्त्वाची आहे. गावगाड्यात वाजवणे ही आपल्या माणसांची कला मानली जात नव्हती. ते जातीने लादलेले काम होते. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची, वाजवणारे हात आपले. जलशात वाद्य तेच राहिले, हुकूम गेला. पंकवाल्याने गिटार दुकानातून आणली. आपल्या शाहिराला स्वतःचेच वाद्य गुलामीतून सोडवून घ्यावे लागले. या दोन बंडांतला हा फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याने स्वतःला जाणकार म्हणवून घेण्याची घाई करू नये.

आता सहकाऱ्यांचे आक्षेप. पहिला आक्षेप बेसूरपणाचा. त्यांना माझी शिफारस आहे की प्रल्हाद शिंदे ऐका. आषाढी आली की ज्यांच्या विठ्ठलगीतांनी महाराष्ट्रातली घरे जागी होतात, ते हेच. सहकाऱ्यांच्या घरीही तो आवाज वाजतो. त्याच गळ्याने भीमगीते आणि कव्वाल्याही गायिल्या आहेत. गळा एक, फिरत एक, दाणेदारपणा एक. विठ्ठल म्हटले की तो गोड आणि भीम म्हटले की कर्कश, असे होत असेल तर बेसूर गळ्यात नाही, कानात आहे.

दुसरा आक्षेप उसन्या चालींचा. यासाठी वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि पुढे त्याने हजारो गीते लिहिली. १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गीत हिंदी सिनेमागीताच्या चालीवरचे विडंबन होते. मग काय झाले? ज्याच्या श्रोत्याला वाचता येत नाही, त्याने नवा विचार ओळखीच्या चालीवर बसवला नाही तर तो त्या श्रोत्याच्या तोंडी राहणार कसा? ओळखीची चाल ही निरक्षरांची छापील वही आहे. पण वामनदादांकडे नुसती चाल ऐकायला जाऊ नका. त्यांची शब्दांची काटकसर ऐका. घरातल्या बाईच्या तोंडची, शेतातली, चुलीजवळची भाषा घेऊन ते अर्थशास्त्रातला प्रश्न विचारतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे आपणच बोललो.

नागपूरच्या श्रोत्याने कव्वालीकडे वळलेच पाहिजे. आपल्याकडे नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी ती वस्तीवस्तीत नेली. तिच्यात सवाल-जवाब असतो, समोरच्या पार्टीला उत्तर द्यावे लागते. हा गायनाइतकाच वादविवादाचा प्रकार आहे. सभेत बोलायला ज्याला कोणी उभे केले नसते, त्याला तिने हजारो लोकांसमोर युक्तिवाद करायला शिकवले. कव्वाली बैठकीच्या खोलीत ऐकू नका. रात्री बाराला, सतरंजीवर, पोराबाळांच्या गर्दीत ऐका. क्लॅशही बंद खोलीतल्या आरामखुर्चीसाठी गात नव्हता.

तिसरा आक्षेप प्रचाराचा, आणि तो सर्वांत गंभीर. त्यावर मी विलास घोगरे यांचे नाव घेतो. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात झोपडपट्टीतल्या या शाहिराचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. काही दिवसांतच घोगऱ्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. पटवर्धनांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' त्यांच्यापासून सुरू होतो. तो पाहा, आणि मग सांगा की प्रचारक आणि कलावंत यांची सीमारेषा नेमकी कोठून जाते. प्रचारक इतरांना पटवतो. घोगऱ्यांच्या आवाजात स्वतःलाच विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही.

याच ओळीत विठ्ठल उमप. लोककलेचा एवढा मोठा गळा, आणि त्यांचा शेवट २०१० च्या नोव्हेंबरात आमच्याच दीक्षाभूमीवर, मंचावर झाला. त्यानंतर शीतल साठे आणि कबीर कला मंच. गाण्याची किंमत काय असते हे त्यांच्याकडून कळते. शीतल साठे २०१३ साली गरोदर असताना अटकेत होत्या. त्यांचे सहगायक सचिन माळी यांना जामीन मिळायला २०१७ उजाडले. बीबीसीने गाणे न वाजवणे आणि गाणाऱ्याने वर्षानुवर्षे तुरुंगात असणे, यांतले अंतर साशंक श्रोत्याने स्वतःच मोजावे. आणि ज्यांना गिटारच हवी आहे, त्यांनी मुंबईचा 'धम्म विंग्ज' आणि २०१८ पासून गाणारा चेन्नईचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' ऐकावा. आपली पोरे रॉकही वाजवू लागली आहेत, आणि कोणाची परवानगी न घेता.

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द. साशंक श्रोत्याचे सगळेच चूक नसते. मिरवणुकीत छातीत धडकी भरवणाऱ्या डीजेवर ज्या ओळी वाजतात, त्यांत पुष्कळदा विचार शून्य आणि जयघोष अमाप असतो. नाव बाबासाहेबांचे घेतले म्हणून गीत आंबेडकरी होत नाही. पंकमध्येही हेच झाले. केवळ धक्का द्यायचा म्हणून काहींनी अंगावर स्वस्तिक मिरवले, आणि पुढे खरे नाझी त्याच सुरांत गाऊ लागले. नकाराच्या मागे मूल्य नसेल तर नकार कोणाच्याही दावणीला बांधता येतो. दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या जलशांत स्त्रीची भूमिका पुरुषच करी. बाईच्या दुःखाचे गाणे होते, बाई मंचावर नव्हती. शीतल साठे, कडुबाई खरात यांचे आवाज आज आपल्याला नवे वाटतात, याचा अर्थ आपला कानही अर्धाच तयार झालेला होता. समीक्षा फक्त प्रस्थापितांची करायची आणि आपल्या भोंग्याची करायची नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

पण ही समीक्षा आपण करू, गीताच्या बाजूला उभे राहून. कानांवर हात ठेवून ती करता येत नाही. सहकाऱ्यांना मी वरील यादी लिहून दिली आहे. क्रमही सांगितला आहे. आधी प्रल्हाद शिंदे, मग वामनदादा, मग एक रात्र कव्वाली, मग घोगरे, आणि त्यानंतर पुन्हा क्लॅश. त्यांनी यादी खिशात घातली आणि विचारले, "हे सगळे मिळेल कुठे?" मी म्हणालो, "सर, ज्या रस्त्यावर तुम्ही कान झाकले, त्याच रस्त्यावर." पुढच्या १४ ऑक्टोबरला ते माझ्याबरोबर येणार आहेत.